पाणी कोणी भरलं

मृणाल बायबल शिकवते असं कळलं की बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या बायका आधी तिच्या गळ्याकडे बघायच्या. क्रॉस दिसला नाही की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच दुसरी शंका यायची, मग शिकवते कशाला? पुण्यात ज्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात ती हिब्रू शिकवायची, तिथल्या पास्टर मंडळींनाही ती कधी नीटशी पटली नाही. हिंदू घरातली ही बाई आमच्या पुस्तकात खोट काढत बसते, असं त्यांना वाटे. आणि खरं सांगायचं तर ती काढतच होती. त्या पुस्तकात ज्या बायकांना नाव नाही, ज्यांना कोणी बोलू दिलेलं नाही, त्यांच्या पाठीमागे ती हात धुऊन लागली होती. "परक्यांच्या बायकांपायी सगळं आयुष्य घातलंस," असं तिची आई, निर्मलाबाई, वर्षातून एकदा तरी ऐकवायची.

त्या बायकांतली एक तर मृणालच्या मानगुटीवरच बसली होती. तिच्याविषयी त्या पुस्तकात एक जुना कायदा आहे. नवऱ्याला बायकोचा संशय आला, पण ना साक्षीदार ना पुरावा, तर त्याने तिला पुरोहितापुढे न्यायचं. पुरोहित मातीच्या भांड्यात पाणी घेतो, देवळाच्या जमिनीवरची धूळ त्यात टाकतो, शाप लिहून तो त्यात धुतो, तिचे केस मोकळे सोडतो आणि सगळ्यांदेखत ते कडू पाणी तिला पाजतो. पापी असेल तर पोट फुगेल, नसेल तर जा घरी. मृणालचा प्रबंध याच पाण्यावर होता. मोठमोठे विद्वान म्हणायचे, अहो, धूळ आणि पाणी, त्याने कोणाला काय होणार? नवऱ्याच्या डोक्यातलं भूत उतरावं आणि बाई जिवानिशी सुटावी, म्हणूनच हा कायदा केला. असं कोणी म्हटलं की मृणाल भर सभेत उभी राहायची. "पाणी तुम्हाला प्यायचं नाहीये," ती म्हणायची, "म्हणून तुम्हाला ते नुसतं पाणी वाटतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती लालबागेत आईकडे आली होती. सकाळचा चहा व्हायच्या आत प्रतिभाचा फोन आला.

प्रतिभा तिची मावसबहीण. मृणालने तिला कडेवर घेऊन फिरवलेलं, तिच्या वेण्या घातलेल्या. तिला डोईफोडिया गावाजवळच्या एका मळ्यात दिली होती. नवरा समाधान केळीवाला, कष्टाळू, तोंडाने मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. सगळे म्हणायचे, पोरीने नशीब काढलं.

"ताई," प्रतिभा कुजबुजत होती, "आज दुपारी मले मरीमायचं पानी पाजून राहिले हे लोक."

"कशाचं पाणी?"

"ओट्याची माती टाकतात न त्याच्यात. मंग शपथ घ्यायची आन् प्यायचं, सगळ्याइच्या समोर. उखर्डूकाका म्हणतात, खोटी असली त पोट फुगते. तू ये न वं ताई. पोलिस नको आणू. पोलिस आले त माह्या पोरीले, निशाले ठेवून घेतील."

"तू केलंस तरी काय?" मृणालच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची शरम वाटली.

"खकनारच्या बाजारातून येता येता केळी नेनाऱ्या यादवच्या पिकअपमधी बसली. बस चुकली होती माही. मागं केळीचे घड भरेल होते, म्हणून समोर बसली. बस, एवढंच."

फोन तुटला. परत लावला तर बंद.

निर्मलाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डब्यात पोळ्या भरल्या, पाण्याची बाटली भरली आणि दारात लेकीचा हात धरला. "जा. पण तिथे त्या पुस्तकाचं नाव काढायचं नाही. दिवस कसले आहेत तुला ठाऊक आहे. कोणीतरी मोबाइल काढेल, धर्म बदलायला आली म्हणून बोंब मारेल, आणि प्रतिभा राहील बाजूला, तुझीच वरात निघेल ठाण्यावर. माझी शपथ आहे."

मृणालने मान हलवली. आई घाबरट आहे असं ती एरवी म्हणाली असती. त्या दिवशी म्हणाली नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून ती एकच गोष्ट घोकत राहिली. माती आहे, पाणी आहे. माती आहे, पाणी आहे. ज्यांच्याशी इतकी वर्षं भांडले ते बरोबर असू देत, मी चुकलेली असू दे. प्रतिभा दोन घोट घेईल, तोंड वाकडं करेल, संपलं. वाटेवर केळीचे मळे आले, कापसाची उघडी रानं आली, जंगलाची कड आली, आणि प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर चहा प्यायला उतरला की तिला ओरडावंसं वाटे.

मळ्यात पोचली तर अंगणात माणसं जमलेली. कडुनिंबाखाली मरीमायचा ओटा, शेंदूर फासलेले दगड. ओट्यापुढे प्रतिभा उभी होती. तिला नुकतीच अंघोळ घातलेली, ओले केस मोकळे सोडलेले, पाठ भिजून गेलेली. हे सगळं मृणालने वाचलं होतं, शिकवलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं. केस सोडण्यामागे काय हेतू असावा यावर तिने पानंच्या पानं खर्ची घातली होती. हेतू आता समोर दिसत होता. केस सोडलेली बाई आधीच गुन्हेगार दिसते.

दाराच्या उंबऱ्यावर सासू, रंभाबाई, निशाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चेहरा दगडाचा. समाधानचा काका उखर्डू खाटेवरून उठून पुढे आला.

"या ताई. बरं झालं तुम्ही आले. माहेरचं मानूस पाहिजेच अशा टायमाले."

त्याच्या या अदबीनेच मृणाल जास्त घाबरली. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं.

"काका, तिची बस चुकली होती. एवढीच गोष्ट आहे."

"मंग टेन्शन कशाचं?" उखर्डू हसला. "खरी असली त पानी पिऊन घरात जाईन, भाकरी टाकीन. खतम. आपुन काय तिले मारून राहिलो का?"

हेच वाक्य मृणालने एका मोठ्या परिषदेत, टाय लावलेल्या गृहस्थाच्या तोंडून ऐकलं होतं. तिथे तिने त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. इथे भिंतीवर बसलेल्या दोन-तीन पोरांनी मोबाइल वर धरले होते.

"समाधान, आन रे पानी," उखर्डूने हाक मारली.

समाधान घराच्या मागून आला. विहीर पुढच्या बाजूला, हापसा अंगणाच्या कडेला, आणि हा मागून आला. मागे मोटरघर होतं, त्यात फवारणीचे पंप आणि केळीवरची औषधं ठेवलेली. दिवाळीत मृणाल आली तेव्हा प्रतिभानेच तिला दाखवलं होतं, निशाला तिकडे जाऊ देऊ नको म्हणून. समाधानच्या हातात पितळेचा तांब्या होता, वर पळसाचं पान झाकलेलं. तांब्या त्याने अंगापासून लांब धरला होता. हात कोपरापर्यंत ओले, साबणाने धुतलेले, आणि एकेक हात तो आळीपाळीने पँटीला पुसत होता. पुसून झाला तरी पुसत होता.

मृणालला त्या जुन्या कायद्यातला पुरोहित आठवला.

त्या कायद्यात एक कलम होतं. नवऱ्याने बायकोला आणायचं आणि बाजूला उभं राहायचं. पाणी पुरोहिताने भरायचं, धूळ पुरोहिताने टाकायची, भांडं पुरोहिताने धरायचं. नवऱ्याचा हात त्या भांड्याला कुठेच लागत नाही. प्रबंधात तिने या गोष्टीला एक ओळ दिली होती, तीही टोमण्याची: एका पुरुषाच्या हातातून बाई दुसऱ्याच्या हातात गेली. नवऱ्याला लांब का ठेवलं असेल, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. कायदा करणारा जो कोण होता, त्याला संशयाने पेटलेला नवरा काय करू शकतो हे पुरतं ठाऊक होतं.

"पाणी कोणी भरलं?" तिने विचारलं. गर्दीत कोणी ऐकलं नाही. तिने पुन्हा विचारलं, आता किंचाळूनच. "पाणी कोणी भरलं?"

"मी," समाधान म्हणाला.

"नवऱ्याने भरायचं नसतं."

"असं कुठी लिहेल आहे?" उखर्डूच्या कपाळावर आठी आली. "आमच्या इथं त कोनी भी भरते."

झालं. शास्त्रात आहे म्हणावं, तर कोणत्या, असं हा विचारणार. या माणसाला गावातल्या साऱ्या चालीरीती तोंडपाठ होत्या, थाप पचणार नव्हती. मोबाइल मृणालकडे वळले होते. आईचा हात अजून मनगटावर असल्यासारखा वाटत होता.

"बायबलात आहे," मृणाल म्हणाली. "असाच विधी आहे तिथे. तीच माती, तेच पाणी. मी तेच शिकवते. नवऱ्याला भांड्याला हात लावू देत नाहीत."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग एकदम गलका उठला. बायबल? कोण आहे ही? "हे धर्म बदलवनारी आहे!" भिंतीवरून कोणीतरी ओरडलं. "रेकॉर्ड कर, रेकॉर्ड कर!" उखर्डू दोन पावलं मागे सरला, जणू तिच्या अंगाला काही लागलंय. आणि त्या गलक्यात शपथेसाठीही न थांबता समाधानने तांब्या प्रतिभाच्या हातात दिला. "पी," तो म्हणाला.

प्रतिभाने तांब्या घेतला. पान सरकवलं.

"बदला!" मृणाल ओरडली. "पाणी बदला फक्त! माती तीच टाका, शपथ तीच घ्या, पाजा तिला, मी नाही म्हणत नाही! हापशाचं पाणी आणा, कोणीही भरा, काका तुम्ही भरा, मी पाया पडते तुमच्या!" जन्मभर ज्या विधीला तिने शिव्या घातल्या, तो करा म्हणून ती हात जोडून विनवत होती. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. फक्त तो तांब्या नको होता.

"नै," समाधान म्हणाला. "हेच पानी."

गलक्यात ते कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण उंबऱ्यावर बसलेल्या बाईच्या आलं.

"काहून रे?" रंभाबाई म्हणाल्या.

समाधानने वर पाहिलं नाही.

"हापसा दोन पावलावर आहे. बदल म्हणते त बदल. काहून हेच?"

"भरेल आहे न आता," तो पुटपुटला.

रंभाबाईंनी निशाला मांडीवरून उतरवलं आणि त्या उठल्या. सुनेशी वर्षानुवर्षं धड न बोललेली बाई, पण अंगण त्यांनी तरण्या पोरीच्या चालीने ओलांडलं. तांब्या प्रतिभाच्या ओठांना टेकला होता. रंभाबाईंनी तो हिसकून घेतला, नाकाशी नेला. मग त्यांनी पोराकडे बघितलं. आईने पोटच्या पोराकडे तसं कधी बघू नये. समाधानचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो अजून हात पुसत होता.

काय वास आला, ते रंभाबाई बोलल्या नाहीत. उकिरड्याशी जाऊन त्यांनी तांब्या पालथा केला, आणि तांब्याही तिथेच टाकला. पितळेचा, चांगला.

"पान्यात पाल पडेल होती," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मरीमायले असं पानी चालत नै." मग मृणालपाशी येऊन, खालच्या आवाजात, "हिले घेऊन जा बाई. पोरीले भी. आत्ताच्या आत्ता, कपडे घ्यायले भी थांबू नका."

"वहिनी, पन निकाल?" उखर्डू मागून म्हणाला.

"झाला निकाल," रंभाबाई म्हणाल्या.

मळ्यापासून रस्त्यापर्यंत मृणाल निशाला कडेवर घेऊन चालली. पळावंसं वाटत होतं, पण पळालो तर मागे लागतील अशी भीती होती. प्रत्येक पावलाला मागून कोणी धावत येतंय असं वाटे. मोबाइलवाली पोरं काही अंतर मागे आली आणि थांबली. ते चित्रण दिवस मावळायच्या आत बुऱ्हाणपुरात घरोघरी पोचणार हे तिला कळत होतं. उद्या काय होईल, नोकरीचं काय, आईच्या दारात कोण उभं राहील, हे सगळं भय होतंच. पण ते रांगेत मागे उभं होतं.

बस मिळाली. निशा आईच्या मांडीवर झोपली. प्रतिभाने ओल्या केसांची गाठ मारली आणि ती समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत बसली. मृणाल तिच्याकडे वळली.

"देवाची कृपा की तुला काही कळलं नाही तेव्हा. मला तर अजून धड श्वास घेता येत नाहीये."

"कळलं होतं ताई," प्रतिभा म्हणाली. "पान सरकवलं आन् वास आला. केळीवर फवारतो न आम्ही, तेच."

"आणि तरी तू तोंडाला लावलंस?"

"नै म्हटलं असतं त सगळे म्हणाले असते, खोटी आहे म्हणून घाबरली." प्रतिभाने निशाच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "हिले जन्मभर ऐकावं लागलं असतं."