हायडेलबर्गला गेलेले अंगुस्तान

मी एक जुने अंगुस्तान आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. सुई बोटात घुसू नये म्हणून शिंपी बोटात पितळेची टोपी घालतात, तेच मी. माझ्या अंगभर बारीक खड्डे आहेत. ते पाहून नाक मुरडू नका. सुईचे बूड टेकायला ते मुद्दाम पाडलेले आहेत.

एका पितळेच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि बार्शीच्या शरदचंद्र शिंप्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, मधल्या बोटात मी चाळीस वर्षे काढली. लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश, वकिलांचे काळे डगले, सगळ्यांचे टोचणे मी खाल्ले आणि नाव मात्र अण्णांचे झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पुढे गावात तयार कपडे आले, अण्णांनी दुकान बंद केले आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. तीन वर्षे मला कोणी विचारले नाही. त्याचा राग मात्र मला अजून आहे.

गेल्या वर्षी अण्णा लेकीकडे जर्मनीला, हायडेलबर्गला निघाले. परदेशात एखादे बटण तुटले तर काय घ्या, म्हणून त्यांनी मला खिशात टाकले. लेक मैथिली तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिची मुलगी अन्वी दहा वर्षांची. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये येते.

अन्वीला सोमवारी वर्गात आजोबांच्या कामाविषयी बोलायचे होते. तिने एका तक्त्यावर अण्णांचा फोटो चिकटवला आणि खाली जर्मनमध्ये एक ओळ लिहिली. ती वाचून मैथिलीने तक्ता उलटा ठेवला. अण्णांनी अर्थ विचारला तेव्हा तिला सांगावेच लागले. माझे आजोबा फॅशन डिझायनर आहेत, असे तिथे लिहिले होते. अण्णा हसले, पण खिशात त्यांची मूठ माझ्याभोवती घट्ट आवळली. चाळीस वर्षांत कुठल्या सुईने मला दुखवले नव्हते, तेवढे त्या ओळीने दुखवले.

अण्णा नातीला रागावले नाहीत. जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष याच गावातल्या एका शिंप्याचा मुलगा, हे त्यांनी मैथिलीकडून ऐकले होते. त्याचे घर अजून जपलेले आहे आणि समाधीही इथेच आहे. रविवारी मैथिलीने किल्ला बघायचा बेत केला, तर अण्णा अडून बसले.

"किल्ला राहू दे. मला शिंप्याचं घर दाखव."

"आल्झो... म्हणजे, अण्णा, तुमचा गुडघा? कबर टेकडीवर आहे."

"चढेन की."

आधी घर आणि मग समाधी, हेही त्यांनीच ठरवले. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकायचे नाही, हा नियम त्यांनी बार्शीहून सोबत आणला होता.

जुन्या गावातल्या अरुंद गल्लीतले ते एवढेसे घर. बाकीचे पाहुणे चित्रे बघत होते आणि अण्णा खिडक्या बघत होते. उजव्या हाताने शिवायचे तर उजेड डावीकडून हवा, तेव्हा राष्ट्राध्यक्षाचा बाप इथेच बसत असणार, असे त्यांनी अन्वीला जागा दाखवून सांगितले. मग भिंतीवरची माहिती तिलाच वाचायला लावली. वडील शिंपी होते, या शब्दांपाशी तिचा आवाज खाली गेला.

दफनभूमीचा चढ अण्णांनी दोन बाकांवर दम खात पार केला. मैथिली मागे राहिली, पण ते थांबले नाहीत. समाधीपाशी पोचताच त्यांनी बूट-मोजे काढले, मला बोटात घातले, हात जोडले आणि ओल्या पानांवरून अनवाणी प्रदक्षिणा सुरू केली. झाडांना पाणी घालायला झारी घेऊन आलेल्या एक जर्मन आजीबाई घाबरल्या. आजोबांची तब्येत बरी आहे ना, कोणाला बोलावू का, असे त्या अन्वीला विचारू लागल्या.

अन्वी लाल झाली. आपण या म्हाताऱ्याला ओळखतच नाही, असे सांगून ती मोकळी होऊ शकली असती. मी श्वास रोखून धरला होता. तिने वाकून अण्णांचे बूट उचलले आणि छातीशी धरले.

"माइन ओपा इस्ट श्नायडर," ती म्हणाली. माझे आजोबा शिंपी आहेत. मग समाधीकडे बोट करून तिने जर्मनमध्येच सांगितले, की यांचे बाबाही शिंपीच होते.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे आजीबाई म्हणाल्या आणि झारी खाली ठेवून अण्णांची प्रदक्षिणा संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

घरी येऊन आंघोळी झाल्यावर अन्वीने तक्त्यावरची ओळ खोडली. सोमवारी ती मला शाळेत घेऊन गेली. मी तिच्या बोटाला सैल होत होते, म्हणून अण्णांनी आत कापडाची चिंधी बसवून दिली. वर्गात मी हातोहात फिरले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी डब्यात असे एखादे जुने हत्यार पडले असेल. ते बाहेर काढा, पुसून ठेवा. आणि हे कोणाच्या हातातले, असे कोणी विचारले, तर मान वर करून खरे सांगा.