ऐंशीचे साठ

माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. "परवा नीट केलेला रेडिओ पुन्हा खरखरतोय," असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्यावर खेकसतो आणि मग रेडिओ उघडतो. बहुतेक वेळा रेडिओच बिघडलेला असतो. तरी सवय काही जात नाही.

आक्का माझी मोठी बहीण. माझ्या दुरुस्तीच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे तिचं घर. मागच्या खोलीत ओव्हन टाकून बावीस वर्षं तिनं एकटीनं पाव आणि बिस्किटं केली. शाळेच्या कॅन्टीनला रोज तिचाच पाव जायचा. भाऊजी गेल्यावर ती उभी राहिली ती या कामावर. "हे बंद पडलं की मीही बंद पडले समज," असं हसत म्हणायची, पण ते काही हसण्यावारी नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "हळूहळू कमी होत जाईल."

गेल्या वर्षी तिचा वजनकाटा जळला. नवे दोन काटे पाहिले, तर एकाचे आकडे मुंगीएवढे, दुसऱ्याचे लाल दिव्याचे, तिच्या डोळ्यांत नुसते फाकायचे. जुन्याचे आकडे करड्या काचेवर काळेभोर आणि बोटभर उंच होते.

"मला हेच हवेत," आक्का म्हणाली. "एवढा शहाणा म्हणवतोस ना स्वतःला? मग दाखव करून."

काटा उघडला. आतलं सर्किट कोळसा झालं होतं, पण आकड्यांची काच शाबूत होती. मुलं हौसेनं रोबो बनवायला घेतात तसलं काडेपेटीएवढं मायक्रोकंट्रोलर बोर्ड माझ्याकडे पडून होतं. म्हटलं, चला, यालाच जुंपू. काचेच्या कडेला केसासारख्या पिनांची रांग. कुठल्या पिनेनं कुठली रेघ उमटते ते एकेक करून कागदावर उतरवण्यात दोन दिवस गेले. आठाच्या आकड्याला सात रेघा, असे चार आकडे. मान मोडून आली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दिव्याच्या आकड्यांना सरळ वीज दिली की काम झालं. या काचेचं तसं नसतं. हिला वीज सारखी उलटसुलट करून द्यावी लागते, सेकंदाला साठ-सत्तर वेळा. एकाच दिशेनं दिली तरी आकडा झकास उमटतो, म्हणूनच माणूस फसतो. आतला द्रव मात्र खराब होत जातो आणि रेघा एकेक करून विरतात.

मी फसलो नव्हतो. मला हे माहीत होतं. चाचणीपुरती सरळ वीज दिली होती, आणि नेमकी तेव्हाच आक्का दुकानात आली. आकडे दिसले तशी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागली. मीही फुगलो. प्रोग्रॅममध्ये वीज उलटसुलट करणाऱ्या दहा-बारा ओळी घालायच्या राहिल्या होत्या, अर्ध्या तासाचं काम. "घेऊन जा," म्हणालो. मनात म्हटलं, आठवड्याभरात बदलू. तो आठवडा काही उजाडला नाही.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक हुज्जत घालत उभं होतं.

"अरे, ते आकडे जरा पुसट दिसतायत. येऊन बघतोस का?"

"आकडे ठणठणीत आहेत, आक्का! आधी चष्मा पूस. नाहीतर डॉक्टरकडे जा आणि डोळे तपासून घे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डॉक्टरकडे ती गेली नाही. काय ऐकायला मिळणार ते आपल्याला ठाऊकच आहे, असं ती धरून चालली. मला पुन्हा विचारलं नाही. पुढे एकदा शाळेचा पाव खारट झाला, मग दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदा तर मुलांनी ताटात टाकला. तिनं स्वतःच कॅन्टीनमध्ये जाऊन सांगितलं की आता माझ्याच्यानं होत नाही. एका बेकरीवाल्यानं ओव्हन विकत घेतला आणि चार माणसं आणून उचलून नेला. मला हे नंतर कळलं. वाईट वाटलं, पण म्हटलं, वय झालंय, डोळे गेलेत, कधीतरी थांबायचंच होतं.

मग एका दुपारी ती काटा घेऊन दुकानात आली. कापडात नीट गुंडाळला होता. "तुझं सामान तुला. कुठेतरी उपयोगी पडेल."

ती गेल्यावर सहज सुरू केला आणि सोल्डरच्या तारेचं कोरं रीळ ठेवलं. काटा म्हणाला, साठ ग्रॅम. रिळावर ऐंशी छापलेलं. काच तिरकी धरली, उजेडात नेली. आठाची वरची उजवी उभी रेघ गेली होती, म्हणून आठाचा सहा झाला होता. बाकीच्या रेघाही धुरकट. माझे डोळे धडधाकट आहेत, आणि मलासुद्धा दिसत नव्हतं. साठ ग्रॅम मीठ हवं असताना चमचाभर जास्त पडून ऐंशी झालं, तरी काटा साठच दाखवणार. आक्का बिचारी आकडा अगदी बरोबर वाचत होती.

दुकान उघडं टाकून धावलो. ती मागच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. ओव्हन होता तिथे फरशीवर नुसता काळपट चौकोन. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते अर्ध्या तासाचं कामही सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण नाही लपवलं.

"म्हणजे ती रेघ खरंच नव्हती?"

"नव्हती."

"मग माझे डोळे?"

"डोळ्यांचा काही दोष नव्हता गं."

ती उठली, वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी गेली आणि छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचायला लागली. भाड्यानं खोली, जुनी सायकल, हरवलेलं मांजर. एक अक्षर चुकली नाही. "बघ, दिसतंय की रे सगळं!" तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्यानं बघवेना. ओरडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी सुटलो असतो.

"आक्का, मी नवी काच मिळवतो. या वेळी नीट करतो. आठ दिवसांत तुझा काटा तयार."

तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. माझ्याकडे बघितलं, मग त्या काळ्या चौकोनाकडे.

"करशील रे," ती म्हणाली. "पण तोलायला काय ठेवलंयस आता?"