देठासकट ठेवलेल्या मिरच्या

वर्षाचं तिखट करताना तुळजाबाई मूठभर उत्तम मिरच्या देठासकट फडक्यात बांधून वेगळ्या ठेवत. ते बियाणं. उमरेडला त्यांच्या माहेरी घरोघरी माग चालत, तेव्हापासूनची ही बुटकी, जाड सालीची मिरची. माग गेले, भाऊ गेले, घर विकलं गेलं. माहेरचं म्हणावं असं काय ते प्रताप नगरातल्या सासरच्या घराच्या गच्चीवर, कुंड्यांमध्ये उरलं होतं.

उन्हाळ्यात सून दीपमालाच्या हाती ते फडकं लागलं. सासूबाई देठ खुडायला विसरल्या, असं तिला वाटलं. तिनं उत्साहानं देठ खुडले, मिरच्या बाकीच्यांत मिसळल्या आणि चक्कीवरून सगळ्याचं तिखट करून आणलं.

पेरणीच्या वेळी तुळजाबाईंनी फडकं मागितलं, तेव्हा ते बियाणं होतं, हे दीपमालाला कळलं. पण माणूस घाबरला की त्याला भारी अक्कल सुचते. तिनं बाजारच्या मिरच्या गुपचूप फोडल्या आणि नुसतं बी वाटीत घालून पुढे केलं. "मीच काढून ठेवलं, आई. तुमच्या हाताची आग होते ना."

"किती जीव लावतं वं पोरी," म्हणत तुळजाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली दीपमाला मेल्याहून मेल्यासारखी झाली.

रोपं उगवली, कुंड्यांत लागली, फुलली. दीपमाला रोज पाणी घालायची आणि मिरची धरूच नये, असं मनातल्या मनात म्हणायची. मिरची धरलीच. लांब, बारीक, वाकडी.

तुळजाबाई कितीतरी वेळ ती हातात घेऊन बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "चेतन, मी भलत्याच मिरच्या बांधून ठेवल्या रे. लहानपणापासूनची मिरची मले ओळखू नाही आली. डोकं काम नाही करून राहिलं माझं."

त्या दिवसापासून त्या गच्चीवर गेल्या नाहीत. बीपीची गोळी घेतली का, हे दहादा विचारू लागल्या. भाजीत मीठ टाकायलाही हात मागे घेऊ लागल्या. चेतननं डॉक्टरची वेळ घेतली, तेव्हा मात्र दीपमालाला राहवलं नाही. सासूच्या पायाशी बसून तिनं सगळं सांगितलं, फडक्यापासून वाटीपर्यंत. आता त्या बोलतील, शिव्या घालतील, याची ती जवळजवळ वाट पाहत होती.

"म्हणजे मी बरोबर बांधल्या होत्या?"

"हो, आई."

"मी नाही चुकली?"

"नाही, आई. मीच."

तुळजाबाईंचा चेहरा उजळला. "अरे चेतन, मी नाही चुकली गा! डॉक्टरले नाही म्हणून सांग," त्या आतल्या खोलीकडे पाहत ओरडल्या. दीपमालाला रडू फुटलं. बोलणी खाल्ली असती, तर तिला जरा तरी हलकं वाटलं असतं.

जेवताना तिनं सवयीनं सासूच्या ताटात भाकरीशेजारी तिखट वाढलं, बाजूला कच्च्या तेलाची वाटी ठेवली. तुळजाबाईंनी कडेची चिमूट उचलून चाखली. त्यांचे डोळे भरले.

"तरीच," त्या म्हणाल्या, "यंदाचं तिखट माहेरासारखं लागून राहिलं होतं."

मग त्यांनी अर्धं तिखट चमच्यानं उचलून परत बरणीत टाकलं आणि झाकण घट्ट लावलं.

"पुरवून खाऊ वं," त्या म्हणाल्या.