भिंतीपाशी संपलेली वाट

मी एक वाट बोलतेय. बँकॉकच्या पश्चिमेला, नोंथाबुरीच्या डुरियनच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाच्या, बागांमधून मी जात होते. मला कोणी आखलं नाही. कालव्यावरून विहाराकडे आणि दवाखान्याकडे जाणाऱ्या पायांनीच मला घडवलं.

मग शहर वाढत आलं. एकेक बाग विकली गेली, आणि प्रत्येक बागेच्या जागी बंगल्यांची एक वसाहत उभी राहिली. तिची स्वतंत्र भिंत, तिचं एकच फाटक. दोन वसाहती पाठीला पाठ लावून उभ्या, पण एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. सगळ्यांची तोंडं हमरस्त्याकडे. माझ्या अंगावर सिमेंट पडलं तेव्हा मी हुरळले होते. वाटलं, आता आपण मोठ्या होणार. वर्षभरातच माझ्या टोकाला भिंत आली.

भिंतीत एक छोटं दार तेवढं ठेवलं होतं. त्यातून माझ्या काठावर राहणारी बुनरुअन मावशी पलीकडे नारळाच्या दुधातला भात विकायला जायची आणि येताना नवऱ्याच्या, सवातकाकांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणायची. दवाखाना दारापासून दोनशे पावलांवर.

भिंतीपलीकडच्या वसाहतीतल्या दोन सायकली चोरीला गेल्या. बैठक झाली, हात वर झाले, आणि ते दार बुजवायला गवंडी विटा घेऊन आला.

सवातकाका त्याच्याजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "काय रे, चोर काय दार शोधत येतो?"

"काका, मला सांगितलं तेवढं मी करतो. तुम्ही जरा सरका, अंगावर माल उडेल."

चैत्रातल्या एका भर दुपारी नारळ खवता खवता काकांचं तोंड वाकडं झालं. भिंतीवरून दवाखान्याचं छप्पर दिसत होतं. शेजारच्या चलेमने त्यांना आपल्या टेम्पोत घातलं. हमरस्त्यावर डावीकडे, तीन किलोमीटरवरच्या वळणावरून माघारी, मग पलीकडचा रस्ता. सगळे मिळून सात किलोमीटर.

"त्या वळणाच्या रांगेतच काकांचा हात गार पडला," चलेमने परत आल्यावर माझ्यावर उभं राहून लोकांना सांगितलं. मावशी टेम्पोतून उतरलीच नाही. काकांचं डोकं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी वसाहतीतल्या रविवन बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. मावशीच्या ओट्यावर बसल्या.

"मावशी, त्या बैठकीत मीही हात वर केला होता."

मावशी आत गेली, ताटलीत भात वाढून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"जेवून घ्या, बाई. परत जायला तुम्हाला फार लांब पडेल."



आता भिंतीजवळ माझ्यावर शेवाळ धरलंय. चुकून आत आलेल्या गाड्यांना वळायला जागा नाही. त्या उलट्या जातात. शहर मात्र थांबलेलं नाही. ते पुढच्या भातशेतांकडे सरकलंय, आणि तिथल्या वाटा अजून चालत्या आहेत. त्यांच्यावर भिंत घालण्याआधी कोणीतरी एकदा त्यांच्यावरून पायी चालून बघा. माझं मागणं एवढंच.