सर्वांसाठी

आमच्या सरकारी कचेरीत सर्व धर्म समान मानले जातात. म्हणून ठाण्याच्या आमच्या शाखेत दरवर्षी सत्यनारायण होतो आणि बाळकुमचा टायपिस्ट डॉमनिक पाट मांडायला असायचा.

चौपन्न सालच्या मार्चअखेर डॉमनिक नोकरीत कायम व्हायचा होता. त्याच महिन्यातल्या एका शुक्रवारी हेडक्लार्क भाऊसाहेबांनी त्याच्या डब्यात डोकावून विचारलं, "काय रे, आज मटण नाही?"

"उपास आहे, भाऊसाहेब. येशू मेला त्याची आठवण."

"कोणासाठी मेला म्हणे?"

"सगळ्यांसाठी. तुमच्यासाठीसुद्धा."

भाऊसाहेबांनी जेवण अर्धं टाकून, कचेरीत धर्मप्रसार चालतो, अशी तक्रार लिहिली. आठवड्याभरात डॉमनिकला कामावरून कमी करण्याचा हुकूम निघाला. डॉमनिकनेच तो तीन प्रतींत टाईप केला, कारण कचेरीत दुसरा टायपिस्ट नव्हता.