उजवीकडे दोन बोटं

जॅक खाली आला, चारही चाकं जमिनीला टेकली आणि जीप पुन्हा उजवीकडेच झुकली.

बारक्या चार पावलं मागे सरला. त्यानं मान तिरकी करून पाहिली, मग सरळ करून पाहिली. मान तिरकी केली तरच जीप सरळ दिसत होती. मागच्या उजव्या चाकाच्या आणि वरच्या पत्र्याच्या मधे त्यानं पंजा आडवा घातला. चार बोटं बसली. डावीकडे घातला. चार बोटं बसून वर आणखी दोन बोटांची जागा उरली. कालही एवढीच उरली होती, परवाही एवढीच.

"किती?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून दादानं विचारलं.

"दोन बोटं."

"माझी का तुझी?"

बारक्यानं हातातला पाना पेटीत असा टाकला की पेटीतले बाकीचे पानेही दचकले.

"पाना टाकू नये, ठेवावा," दादा म्हणाला.

बावन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणं तसं बरं दिसत नाही. पण मोठ्या भावाच्या गॅरेजमध्ये तीस वर्षं पाने देत आलेल्या माणसाचं वय कोण मोजतो? दादानं गाडीखालून हात बाहेर काढायचा आणि म्हणायचं, "चौदाचा." बारक्यानं चौदाचा द्यायचा. नट कुठला, तो कशासाठी सोडवला, पुढे काय होणार, हे सगळं गाडीखाली दादाला दिसायचं. बारक्याला दिसायचे दादाचे पाय.

आता मात्र उलटं झालं होतं. दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. काळा चष्मा लावून तो खुर्चीत बसायचा. महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी तो पाळत होता.

आणि अशातच जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली म्हातारी जीप घेऊन आल्या. वीस वर्षं डोंगरावरच्या खडकाळ वाटा तुडवून जीपचे मागचे पाटे बसले होते. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून केलेली ही कमान गाडीचं ओझं पाठीवर घेते. तिचा बाक गेला की गाडी बसते, म्हाताऱ्याचे गुडघे बसतात तशी. "सरळ रस्त्यावरसुद्धा मला वळणावर असल्यासारखं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "लसींची पेटी सारखी माझ्या मांडीवर येते. सोमवारी सकाळी सातला मला वर निघायचंय. जमेल ना? नसेल तर आत्ताच सांगा, मी शहरात नेते."

बारक्यानं दादाकडे पाहिलं होतं. दादा छताकडे पाहत होता.

"याला विचारा," तो म्हणाला. "काम हाच करणार आहे."

आणि बाई गेल्यावर त्यानं अगदी शांतपणे, पाढे शिकवावेत तसं, सांगितलं, "हे बघ बारक्या. माझे डोळे आता पूर्वीसारखे व्हायचे नाहीत. ही जीप तू एकट्यानं उभी केलीस तर उद्यापासून शटर तुझं. नाही झालं तर महिनाअखेरीला आपण कुलूप लावू. अर्धवट हातात गॅरेज देऊन मला लोकांचे जीव धोक्यात घालायचे नाहीत."

त्या गोष्टीला आज चार दिवस झाले होते. आज रविवार होता.

शुक्रवारी त्यानं नवे पाटे बसवले. जीप उजवीकडे झुकली. शनिवारी तो दोन्ही पाटे काढून पाटेवाल्याकडे घेऊन गेला आणि उजव्या बाजूचा कमकुवत निघाला म्हणून भांडला. पाटेवाल्यानं दोन्ही पाटे फरशीवर शेजारी शेजारी उभे केले. जुळ्या भावांसारखे होते. "आमच्या पोरांना नावं ठेवण्याआधी आपलं घर बघावं," पाटेवाला म्हणाला. बारक्या पाटे घेऊन परत आला आणि त्यानं अदलाबदल केली, उजवीकडचा डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे. खोट पाट्यात असेल तर पाट्याबरोबर ती डावीकडे जाईल, एवढा साधा हिशेब होता.

खोट जागची हलली नाही. पाटा कोणताही असो, झुकायचं ते उजवीकडेच.

"चासी वाकलीय," बारक्या म्हणाला. "दुसरं काही नाही. सापळाच वाकडा असेल तर मी कितीही पाटे बदलले तरी काय होणार?"

"दोरी लावून मोजलीस?"

"सकाळीच मोजली."

"मग?"

"सरळ आहे."

"मग वाकलीय कशाला म्हणतोस?"

"मग तूच सांग ना," बारक्या म्हणाला, आणि आवाज आपोआप चढला. "चार दिवस तिथं बसून नुसता 'मग, मग' करतोयस. तुला माहीत असेल तर सांगून मोकळा हो."

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं," दादा म्हणाला. "मलाही नाही कळत."

बारक्याला हे सगळ्यात वाईट वाटलं. दादाला ठाऊक आहे आणि तो मुद्दाम सांगत नाही, असं धरून चार दिवस रागावता तरी येत होतं.

शेडच्या आतल्या दारातून शिलाई मशीनचा आवाज यायचा थांबला. बारक्याची बायको गळ्यात टेप घालून दारात उभी राहिली. तिचं शिवणकाम शेडला लागून असलेल्या खोलीत चालायचं, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं दोन्हीकडे ऐकू जायचं.

"चहा ठेवलाय. दादा, तुम्हाला बिनसाखरेचा."

"हा शर्ट कसला शिवलायस?" बारक्या तिच्यावर घसरला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "काखेत नुसता गोळा होतोय. पाना फिरवायला हात वळत नाही."

"बघू. हात वर करा."

त्यानं केले.

"आता आहे का गोळा?"

"आता नाही."

"खाली घ्या."

हात खाली आले आणि काखेत कापडाच्या चुण्या जमल्या.

"हे असंच होणार," ती म्हणाली. "माप घेतलं तेव्हा तुम्ही काय करत होतात आठवा. त्या मालट्रकचं बॉनेट दोन्ही हातांनी वर धरून उभे होतात. म्हटलं, दोन मिनिटं नीट उभे राहा. तर म्हणे, असंच घे, मला वेळ नाही. घेतलं. हात वर असताना घेतलेलं माप हात वर असतानाच बसतं. खाली आणलेत की कापड हटून बसणार, मला वर जायचंय म्हणून."

"बरं, बरं. चहा आण."

"आणते. पण पुढच्या वेळी दिवसभर जसं राहता तसं उभं राहून माप द्या."

ती आत गेली. बारक्या जीपला टेकून उभा राहिला. त्यानं हात पुन्हा वर केले. चुण्या गेल्या. खाली आणले. चुण्या आल्या.

"कवायत चाललीय?" दादानं विचारलं. काळ्या चष्म्यातून त्याला एवढं दिसत होतं.

बारक्यानं बॅटरी उचलली आणि तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

प्रत्येक पाट्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक असतं, त्यात रबराचं जाड कडं असतं आणि त्यातून बोल्ट जातो. जुन्या पाट्यांत रबराऐवजी पितळ होतं. पितळ बोल्टवर मोकळं फिरतं, ग्रीस मारली की झालं. पाटेवाल्यानं हौसेनं सांगितलं होतं, आता रबरच येतं, ग्रीसची कटकट गेली. पण बोल्ट आवळला की रबर मोकळं फिरत नाही. ते आवळताना जसं असेल तसं जागीच धरलं जातं आणि पाटा हलला की रबराला पीळ बसतो.

बारक्यानं आधी उजवीकडे बॅटरी मारली. रबराची कड बऱ्यापैकी गुळगुळीत होती. मग डावीकडे मारली. तिथं रबराच्या कडेला चुण्या पडल्या होत्या, त्याच्या काखेत पडल्या होत्या तशाच.

तो तसाच पडून राहिला आणि त्यानं तिन्ही दिवस आठवले. प्रत्येक वेळी त्यानं उजवीकडूनच सुरुवात केली होती. जॅक एकच होता. उजव्या बाजूला चाकांचा आस जॅकनं उचलून धरायचा, बोल्ट घालायचा, आवळायचा. मग जॅक काढायचा आणि डावीकडे जायचं. डावीकडचा पाटा पहारीनं ढकलला की बसायचा, तिथं जॅकची गरजच नसायची. म्हणजे उजवीकडचं रबर आवळलं गेलं ते थोडं ओझं घेतलेलं असताना, आणि डावीकडचं आवळलं ते चाक हवेत लोंबत असताना. जीप खाली आली की डावीकडचं रबर हटून बसत होतं, मला लोंबायचंय म्हणून, आणि डावी बाजू वर रेटत होतं. उजवी बाजू बसलीच नव्हती. डावी उचललेली होती.

उपाय सोपा होता. बोल्ट सैल करायचे, जीप चाकांवर उभी करायची, हलवून नीट बसू द्यायची आणि मग आवळायचे.

पण समोरच्या भिंतीवर, लाल रंगात, दादाच्या हातची अक्षरं होती: बोल्ट ढिला, तर गाडी खाली नाही.

ती अक्षरं बारक्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीइतकीच जुनी होती, म्हणजे ती तर्जनी अर्धी झाली तेव्हापासूनची. एक बोल्ट अर्धा राहिला होता आणि दादानं गाडी खाली घेतली होती. त्या दिवसानंतर गॅरेजमध्ये त्या वाक्याच्या विरुद्ध कोणी गेलं नव्हतं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उचललेली असतानाच सगळं आवळायचं, दोनदा तपासायचं, मगच जॅकला हात लावायचा. तीन दिवस बारक्यानं तेच इमानेइतबारे केलं होतं, आणि म्हणूनच तीन दिवस जीप वाकडी होती.

तो बाहेर आला आणि त्यानं दादाला सगळं सांगितलं. शर्टाचंही सांगितलं.

दादानं पूर्ण ऐकून घेतलं. "नाही," तो म्हणाला.

"दादा, नट काढून नाही ठेवणार. चारही बोल्टांचे धागे धरलेले असतील, हातानं घट्ट. फक्त पान्याचा शेवटचा आवळ राहील."

"नाही म्हणालो ना. भिंतीवर काय लिहिलंय?"

"तेव्हा पितळ होतं."

"बोट तेव्हाही हाडामांसाचंच होतं," दादा म्हणाला. "मी जॅक सोडला होता, बारक्या. तू नाही. तू पुन्हा त्याखाली हात घालणार, आणि मला इथून धड दिसत पण नाही."

तीस वर्षांत तो या गोष्टीबद्दल पहिल्यांदाच बोलला होता. बारक्या एवढंच म्हणाला, "तू म्हणाला होतास, एकट्यानं कर. मग करू दे."

दादानं मान फिरवली. तोच बारक्यानं होकार धरला.

त्यानं जीप पुन्हा घोड्यांवर घेतली. एकेक बोल्ट सैल केला आणि प्रत्येक नट बोटांनी फिरवून बघितला, बायकोनं आणलेला चहा गार होईपर्यंत. गाडी खाली घेताना त्यानं बायकोला दारामागे उभं केलं. जॅक इंचाइंचानं सोडला. हात पत्र्यापासून लांब होते. डाव्या पंजातली ती अर्धी तर्जनी उगाचच ठणकत होती.

चाकं टेकली. मागे उभं राहून त्यानं जीप चार वेळा जोरात दाबली. गाडीखाली काहीतरी कुरकुरलं, सरकलं आणि गप्प झालं. चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावायचे होते. तो ठोकळे आणायला वळला, तर कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. दादा कंबर ताठ ठेवून, पायानं एकेक ठोकळा चाकाखाली सारत होता.

"वाकलो नाहीये," तो म्हणाला. "जा खाली."

बारक्या खाली गेला. गाडी चाकांवर असल्यामुळे जागा कमी होती, नाकावर माती पडत होती. पहिला बोल्ट आवळला, दुसरा आवळला. तिसऱ्याला पाना बसेना. त्यानं सवयीनं गाडीबाहेर हात काढला आणि, कुणाला सांगतोय याचा विचार न करता, म्हणाला, "एकोणीसचा."

पेटीत खडखड झाली. कोणीतरी एकेक पाना चाचपत होतं, अंगठ्यानं त्याचं तोंड मोजत होतं. मग हातात पाना आला. तो एकोणीसचाच होता.

"टाकू नकोस," वरून आवाज आला.

सगळं आवळून, दोनदा तपासून बारक्या बाहेर आला. उजवीकडे पंजा घातला, चार बोटं आणि वर एक. डावीकडेही चार आणि एक. दादानंही चाचपडत आपला पंजा दोन्हीकडे घालून पाहिला, दोनदा.

काळा चष्मा नाकावर सारखा करून तो खुर्चीकडे निघाला. मधेच थांबला.

"उद्या डॉक्टरीणबाई सातला येतील. तू साडेसहाला ये," तो म्हणाला. "आणि शटर वर घेताना उजवी बाजू आधी जरा उचल. नाहीतर अडकतं."