माझ्या पोटातली इसिरेलीची बाजू

या मित्रांनो, टेका जरा. एक गोष्ट सांगतो, पण अर्धवट ऐकून उठायचं नाही. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. फिजीतल्या नासोलेवू गावात, बुबू सेराच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पडलोय. बुबू म्हणजे आजी. माझं झाकण उघडत नाही. पोटात एक कॅसेट अडकलीय, आणि तिच्यात एका माणसाचं बोलणं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो, आठवत नाही. आठवतं ते सुवा शहरातलं दुकान, आणि मला छातीशी धरून बोटीतून आणणारा म्हातारा, बुबूचा नवरा. काय थाट होता तेव्हा! चर्चची गाणारी मंडळी माझ्यापुढं घसा खाकरून उभी राहायची. मग म्हातारा गेला, बॅटऱ्या कोण आणणार? माझ्या डोक्यावर दालोचे कंद ठेवायला लागले. चालायचंच.

एका सुट्टीत नात आली, मिलिआकेरे. सगळे मिलीच म्हणतात. कॉलेजात तिला मोठा निबंध लिहायचा होता. भरतीचं पाणी घरात शिरतंय, तर गाव टेकडीवर हलवावं की नाही? अर्धं गाव हो म्हणे, अर्धं नाही. कॉलेजच्या बाईंनी बजावलेलं, "सगळ्या बाजू स्वतः जाऊन ऐक. आपल्या आवडीची एकच लिहिलीस तर परत पाठवीन." तेव्हा गावात मोबाइल आले नव्हते. मिलीनं माझी धूळ पुसली, बॅटऱ्या घातल्या. मला पुन्हा जीव आला.

पहिली बुबू बोलली. "मी नाय हलायची. तुझा आजोबा इथं खाली पुरलाय. त्याला काय सांगू, पाय भिजले म्हणून निघाले?"

"अगं बुबू, पाणी चुलीत येतं!"

"येऊ दे. चहाला आणायचं वाचेल."

मिली हसली, पण तिचं मनही बुबूकडंच होतं.

दुसरी बाजू टेकडीवाल्यांची. ते सगळे म्हणाले, "आमच्या वतीनं इसिरेली बोलेल." इसिरेली म्हणजे मिलीचा सख्खा थोरला भाऊ. इथंच घोडं अडलं. आमच्याकडं बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी तोंडानं बोलत नाहीत. राग नाही हो, मान असतो तो. तो रोज मासा तिच्या पायरीवर ठेवून जायचा, ती त्याच्या पोरीच्या वेण्या घालायची. बोलणं मात्र नाही.

मिलीनं युक्ती काढली. प्रश्न माझ्यात भरला, मला त्याच्या उंबऱ्यावर ठेवलं, खोकली आणि निघून गेली.

इसिरेली समुद्रावरून ओल्या अंगानं आला. प्रश्न ऐकला. इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यावरच डाफरला, "ए डबड्या! मी तिच्याशी बोलत नाय, तुझ्याशी बोलतोय. तू सांग तिला."

मग आवाज भरायचं बटण दाबलं. मी फिरतोय आपला.

"सगळ्यांना वाटतं मला वर रस्ता पायजे, पत्र्याचं घर पायजे. मरू दे तो पत्रा. मागच्या मोठ्या भरतीत बुबूला पाठीवर घेतली. कोंबडीएवढी हलकी लागली रे. हातात माझी पोर. पाणी छातीला. वाटलं, दोघींतली एक सोडावी लागणार. आणि कुठली सोडायची, ते मी ठरवलं होतं. तेव्हापासून बुबूनं ताट वाढलं की मान वर होत नाय माझी. परत ठरवायला लावू नका मला. आजोबाची कबर मी दगड दगड करून वर नेईन, एकटा नेईन. सांग तिला."

खाऱ्या, ओल्या अंगठ्यानं त्यानं बटण दाबलं. जोरात दाबलं. आत काहीतरी मोडलं, फीत चाकाला गुंडाळली. त्याला कळलं नाही. मला तिच्या पायरीवर ठेवून गेला.

मिलीनं दाबलं, हलवलं, सुरीनं उचकटलं. झाकण हलेना. "खारं पाणी गेलं वाटतं," ती पुटपुटली. "बोललाच नसेल तो." आत्याकडून निरोप धाडायचा रिवाज आहे, धाडता आला असता. पण निबंध द्यायची वेळ आलेली, आणि भाऊ गप्प राहिला हे तिला लागलेलं. तिनं त्याची बाजू अंदाजानं लिहिली: रस्ता, पत्रा, दुकान. मी इथं फळीवरून बघत होतो. आतून जीव तुटत होता, पण माझा आवाज म्हणजे कॅसेट, आणि कॅसेट तर जखडलेली.

बाई खूश झाल्या. गावच्या बैठकीत निबंध वाचला गेला, टाळ्या पडल्या. बुबू सांगत होती, इसिरेलीनं यांगोनाची, म्हणजे बैठकीत सगळ्यांनी मानानं प्यायच्या पेयाची, वाटी न पिताच खाली ठेवली आणि उठून गेला. त्याला वाटतं, बहिणीनं सगळं ऐकलं आणि तरी हे लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर मासा नाही.

"काय चुकलं गं माझं?" मिली विचारते. "दोन्ही बाजू तर मांडल्या."

मित्रांनो, मला दुरुस्त करणारा भेटला तर आणा, पण हात हलका हवा. फीत तुटली तर सगळं गेलं. नाहीतर एवढं तरी करा. तुम्ही काही तिचे भाऊ नाही, तुम्हाला बोलायला बंदी नाही. मिली आत्ता चुलीपाशी कसावाचे कंद सोलतेय. जा, इसिरेली काय बोलला ते तिला सांगा. फक्त हळू आवाजात सांगा, बुबू तिथंच शेजारी बसलीय.